खोक्याच्या तळाची सही

त्या चहाच्या कंपनीत दोघांची चाहूल लागली की माणसं खुर्च्या सावरून बसत. एक मालकीणबाई आणि दुसरं तात्यांचं नाक. तात्या स्वतः त्याच्यामागून येत. माणूस साधा, बुटका, स्वेटरची खालची दोन बटणं कायम उघडी; पण नाक असं, की आधी ते मन लावून घडवलं आणि उरल्यासुरल्या मालात बाकीचे तात्या उरकले. पॅकिंग विभागात त्यांना समोर 'तात्या' म्हणत आणि पाठीमागे 'नाकतात्या'. पाठीमागचं त्यांना ठाऊक होतं. कोण म्हणतं तेही ठाऊक होतं, कारण कुणी केसांना कोणतं तेल लावलंय हे त्यांना जिन्यातच कळे.

त्यांचं काम ऐकून नवा माणूस हसायचा. तात्या खोकी हुंगत. एकतीस वर्षं.

पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. चहाइतका हलक्या कानाचा पदार्थ दुसरा नाही. शेजारी जे सांगेल ते तो खरं मानतो. साबणाशेजारी ठेवा, साबण होतो. रंगाच्या डब्याजवळ ठेवा, भिंत होतो. आणि परदेशी जाणारा चहा तर सहा आठवडे खोक्याशी तोंडाला तोंड लावून बसलेला असतो; मध्ये असते ती एक पातळ प्लास्टिकची पिशवी, आणि वास तिला जुमानत नाही. म्हणून नवं खोकं आलं की तात्या त्याचे तुकडे करत, काचेच्या बरणीत चहाबरोबर कोंडत आणि झाकण घट्ट लावून तीन दिवस ठेवत. चौथ्या दिवशी सकाळी, अनशापोटी, उत्तरेच्या खिडकीपाशी उभं राहून झाकण उघडत. त्या क्षणी विभागात कुणी खोकतही नसे. तात्या डोळे मिटत, नाक आत घालत आणि म्हणत, "चालेल." किंवा म्हणत, "छापखान्याला फोन लावा." तिसरं काही नाही.

परदेशात या कंपनीच्या चहाला विचारत कोण होतं? तिकडे दुसऱ्यांचे पत्र्याचे नक्षीदार डबे होते. डबा रिकामा झाला तरी लोक त्यात बटणं ठेवायचे. यांचं आपलं पुठ्ठ्याचं खोकं. मग एकदा समुद्रापलीकडच्या एका दुकानवाल्या आजींचं पत्र आलं. त्यांचं छोटंसं चहाचं दुकान होतं आणि प्रश्न एकच होता: तुमच्या चहाला पुठ्ठ्याचा वास कसा येत नाही? निर्यातीचं काम बघणाऱ्या गृहस्थांना सगळे 'परदेशखाते' म्हणत. त्यांनी पत्राचा अर्थ सांगितला आणि विचारलं, "तात्या, काय कळवू?"

"कळवा, मी हुंगतो."

"एवढंच?"

"आणखी काय? मी काय आरती लिहू माझ्या नाकाची?"

आजींनी ते उत्तर चौकटीत घालून दुकानात टांगलं. गिऱ्हाइकं वाचायची, हसायची आणि खोकं घेऊन जायची. दुसऱ्या गावातल्या दुकानाने मागणी केली, मग तिसऱ्या. मालकीणबाई हुशार, त्यांनी प्रत्येक खोक्याच्या तळाला तात्यांची सही छापायला लावली, वर एक ओळ: 'वास पाहिला.' पत्र्याच्या डब्यांना तेवढं जमलं नाही. डब्याला नक्षी असते, नाक नसतं. आजी आणि तात्या यांचा पत्रव्यवहार तेव्हापासून चालू राहिला. गुडघ्यांपासून पावसापर्यंत सगळं त्यात येई. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग गेल्या हिवाळ्यात तात्यांना ताप आला. साधा, पाच दिवसांचा. ताप गेला आणि जाताना नाकातला दिवा मालवून गेला.

पहिल्यांदा कळलं ते स्वयंपाकघरात. तात्या पेपर वाचत बसले होते आणि दोन हातांवर दूध करपून कोळसा होत होतं. काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, धावत आल्या. "अहो! समोर बसलाय ना? नाक काय कपाटात ठेवलंय?"

"वाचत होतो," तात्या म्हणाले.

ते वाचत नव्हते. ते धुराकडे बघत होते आणि धुराला वास नव्हता, जसा चित्रातल्या धुराला नसतो.

डॉक्टर म्हणाले, येईल. किंवा नाही येणार. सांगता येत नाही. तात्यांनी त्यातला पहिला शब्द घरी आणला आणि बाकीचे दवाखान्यातच ठेवून आले. कुणाला सांगितलं नाही. काकूंनाही नाही. घर अचानक अनोळखी झालं. उशीला वास नाही, पावसाला नाही, काकूंच्या पदराला नाही. सगळं जागच्या जागी दिसे, पण जसं कुणी राहत नसलेल्या घरात दिसतं तसं. कामावर दोन छोटे माल त्यांनी तसेच पास केले. जुनंच खोकं, जुनाच डिंक, ओळखीचा छापखाना. त्यात काय व्हायचंय? झाकण उघडलं, डोळे मिटले, मनात दहा आकडे मोजले आणि म्हणाले, "चालेल."

आवाज नेहमीसारखाच निघाला, याची त्यांना जास्त भीती वाटली.

मग नवं खोकं आलं. ते केलं होतं डिझाइनवालीने. हुशार मुलगी, सतत पेन्सिल केसांत खोचलेली आणि सतत पेन्सिल शोधत असलेली. तिकडच्या गिऱ्हाइकांना आतली प्लास्टिकची पिशवी नको होती. तिने पिशवीच काढून टाकली. चहा थेट पुठ्ठ्यात. खोकं इतकं अरुंद केलं, की पोस्टमनला ते दाराच्या फटीतून आत सरकवता यावं. आजींची बोटं आखडतात हे तात्यांना आलेल्या पत्रांतून तिला कळलं होतं. म्हणून झाकणाला दोरा लावला, एका बोटाने ओढता येईल असा. खोकं गडद निळं, त्यावर छापलेली अंगठ्याच्या पेराएवढी चंद्रकोर. तळाला तात्यांची सही, आधीपेक्षा मोठी.

"तात्या, आता पिशवी नाही हं," ती म्हणाली. "मध्ये काहीच नाही. फक्त तुमचं नाक."

चौथ्या दिवशी सकाळी विभाग नेहमीसारखा गप्प झाला. तात्यांनी बरणी उचलली. उत्तरेची खिडकी. झाकण निघालं तशी एक बारीकशी 'फुस्' ऐकू आली. आत त्यांना दिसली काळी पानं आणि निळे तुकडे. बस्स. नाकात गेली ती नुसती हवा, गार आणि कोरी. त्यांनी दहा मोजले. मग वीस. मागे कुणाच्या तरी घड्याळाचा काटा वाजत होता. आता वळून सांगावं, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं. पण मागे सतरा माणसं उभी होती आणि त्या सतरांतल्या एकानेही एकतीस वर्षांत त्यांना 'माहीत नाही' म्हणताना ऐकलं नव्हतं.

"चालेल," तात्या म्हणाले.

डिझाइनवालीने टाळी वाजवली. पेन्सिल खाली पडली.

माल निघाला. परदेशखात्यांच्या संगणकावर जहाजांचा नकाशा असे. निळा समुद्र आणि त्यात हिरवे ठिपके. ते रोज चहाच्या वेळी हाक मारत, "तात्या, या, तुमचा ठिपका बघा! आज बेटाला वळसा घातला गड्याने." सगळे हसत. तात्याही हसत. ठिपका रोज नखभर सरके. थांबत नसे, मागे फिरत नसे. घरी डोळे मिटले तरी तात्यांना तो दिसू लागला. त्यात काळोखात बसलेला चहा, आणि त्याच्या कानाशी सहा आठवडे कुजबुजणारं खोकं. काय सांगत असेल ते?

अठराव्या दिवशी आजींचं पत्र आलं. परदेशखात्यांनी ते सगळ्यांसमोर वाचलं.

"म्हणतायत, दुकानाला पन्नास वर्षं होतायत. जुन्या गिऱ्हाइकांना बोलावलंय, शिवाय दोन मोठ्या दुकानदारांना. त्यांनी आपलं नवं खोकं ठेवायचं ठरवलं तर तात्या, आपला माल गावोगावी! आणि ऐका: 'मी खोकं आधी उघडून बघणार नाही. तुम्ही लिहिलेला तो दोरा सगळ्यांसमोर ओढेन आणि तिथेच चहा करेन. तळाला तुमची सही आहे, मग मला काय बघायचंय?'"

"वा!" कुणीतरी म्हणालं.

"तात्या, घाम का आलाय तुम्हाला?" डिझाइनवालीने विचारलं.

"उकडतंय," तात्या म्हणाले. पंखा त्यांच्या डोक्यावरच होता.

त्या दिवशी तात्यांनी कपाटातून मागे ठेवलेलं एक निळं खोकं घेतलं आणि घरी नेलं. तेही त्याच दिवशी भरलेलं, तेवढेच दिवस बंद. संध्याकाळी स्वतः आधण ठेवलं.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही चहा करताय? काय, घर विकलंत की काय मला न विचारता?"

"बस तरी. पी."

काकूंनी कप उचलला. तात्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. दवाखान्यातला माणूस डॉक्टरच्या तोंडाकडे बघतो तसे नव्हे. आरोपी न्यायाधीशाच्या तोंडाकडे बघतो तसे. काकूंनी एक घोट घेतला. थांबल्या. कप नाकाशी नेला. मग सावकाश बशीत ठेवून दिला.

"काय पडलंय यात?"

"काय?"

"नव्या चपलेचं खोकं उघडल्यासारखं येतंय. तुम्हाला नाही येत?"

तात्यांनी स्वतःचा कप उचलून एक घोट घेतला. गरम. थोडा कडू. बाकी काही नाही.

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. करपलेलं दूध, परवाचा उघडा राहिलेला गॅस, उन्हाळ्यात त्यांनी मुद्दाम दारात लावलेला आणि तात्यांनी एकदाही नाव न काढलेला मोगरा; सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून येऊन बसलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तापापासून."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं."

काकूंनी उठून सगळ्या खिडक्या उघडल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "त्या आजींच्या घरी चहाला वास येतोय हे सांगायला कुणी नाहीये हो बाजूला."

सकाळी तात्या थेट मालकीणबाईंच्या खोलीत गेले. परदेशखाते आणि डिझाइनवाली तिथेच होते. तात्यांनी निळं खोकं टेबलावर उलटं ठेवलं, सही वर करून.

"बाई, ही सही खोटी आहे. माझं नाक गेलंय. मी नुसता उभा राहत होतो."

बाईंनी खोकं उघडलं, हुंगलं, परदेशखात्यांकडे सरकवलं. त्यांनी हुंगलं आणि खाली ठेवलं. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं, असं तात्यांना वाटलं.

"आम्हीही हुंगलं नाही ना," बाई शेवटी म्हणाल्या. "तुम्ही होतात म्हणून आमच्यापैकी कुणीच हुंगत नव्हतं. तापानंतर आणखी काय पास केलंत?"

"दोन छोटे माल. पण जुनं खोकं, जुना डिंक."

डिझाइनवालीचा हात केसांतल्या पेन्सिलीकडे गेला तो तिथेच राहिला. "तात्या... दुसऱ्या मालाला जुना डिंक नव्हता. छापखान्याने नवा वापरून बघितला होता. मला कळवलं होतं. मी म्हटलं, तात्या बघतातच की."

भिंतीवरचा पंखा फिरत होता. तात्या खुर्चीत बसले, न विचारता, एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

पत्र त्यांनी तिथेच लिहिलं. 'खोकं उघडू नका. सगळ्यांसमोर तर नकोच. माझ्या नाकाला हिवाळ्यापासून वास येत नाही. मी सही करत राहिलो. हिवाळ्यानंतर पाठवलेला दुसरा मालही बघा, त्याचा डिंक नवा होता. तात्या.' परदेशखात्यांनी ते तिकडच्या भाषेत करून फोनवरून धाडलं. मालकीणबाईंनी छापखान्याला फोन लावला. बाहेर विभागात निळ्या खोक्यांची छतापर्यंत चळत उभी होती. प्रत्येकाच्या तळाला तीच सही, एकावर एक, हजारो वेळा.

दुपारी उत्तर आलं. परदेशखात्यांनी वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"वाचा," तात्या म्हणाले.

"'तात्या, दुसरा माल वसंतात आला तेव्हापासून मला चहात पुठ्ठा लागत होता.'"

"मग त्या बोलल्या का नाहीत?" डिझाइनवाली म्हणाली.

"पुढे आहे." परदेशखात्यांनी चष्मा वर केला. "'मी खोकं उलटं करून बघायचे. तुमची सही असायची. म्हणून मला वाटलं, माझीच जीभ गेली. मी कुणाला सांगितलं नाही. चव बघायचं काम मी सोडून दिलंय, आणि दुकान पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या हाती देण्याचं ठरवून टाकलंय. बोलणी झाली. पन्नास वर्षांचा समारंभ खरं तर निरोपाचा होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लिहिलं नव्हतं.'"

मालकीणबाईंनी टेबलावरचं निळं खोकं सही खाली करून ठेवलं.

"खाली एक ओळ आहे," परदेशखाते हळू म्हणाले. "'माझी जीभ शाबूत आहे, हे तुम्ही आज सांगितलंत. आता मी काय करू, तेही सांगा.'"

तात्यांनी कोरा कागद पुढे ओढला. पेन हातात धरलं. नाकातून लांब श्वास घेतला, सवयीने, डोळे मिटून; दहापर्यंत मोजले. काही आलं नाही.

कोपऱ्यातल्या संगणकावर हिरवा ठिपका तेवढ्यात आणखी नखभर पुढे सरकला होता.