घट बसलेले असताना मी शीव ओलांडली

त्या नवरात्रात मी देवीशी भांडले, हे आधीच सांगून टाकते. नाशिकजवळ गंगापूरच्या वाटेवर आमचा झेंडूचा मळा. घरात घट बसलेले, आणि आमची रीत अशी की घट बसवणाऱ्या बाईने ते उठेपर्यंत गावची शीव ओलांडायची नाही. मालक पहाटेच फुलं घेऊन बाजाराला गेलेले. सकाळी माझा तेरा-चौदा वर्षांचा किसन एकाएकी पोट धरून खाली बसला. ओकाऱ्या सुरू झाल्या, तोंड पांढरंफटक पडलं. सासूबाई म्हणाल्या, बेंबी सरकली. त्यांनी बेंबीवर पेटती पणती ठेवून वर तांब्या पालथा घातला. पोर कळवळत होतं, पण नेमकं कुठे दुखतं ते सांगेना.

शहरात न्यायचं म्हटल्यावर सासूबाई दारात आडव्या आल्या. "घट बसेल हायेत घरात. शीव वलांडू नको, देवी कोपंल!"

मी देव्हाऱ्यापुढे गेले. हात जोडले नाहीत. म्हटलं, "आई, कोपायचं तर माझ्यावर कोप. पोराच्या वाटेत येऊ नकोस." आणि किसनला धरून रस्त्यावर आले. राग भीतीहून मोठा होता.

शिवेपलीकडे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात मागून एक रिकामा टांगा आला. हाकणारा म्हातारा मुसलमान, अनोळखी. त्याने किसनला उचलून आत निजवलं, कानाशी वाकून काहीतरी विचारलं, आणि माझ्याकडे वळला. "भाभी, पोट नाय दुखत त्याचं. खाली अंडात दुखतंय. आईला सांगायला लाजतंय पोरगं." मी शहरातल्या वैद्यांचं घर सांगत होते, त्याने घोडं थेट इस्पितळाकडे पिटाळलं.

एका बाजूचं अंड सुजून वर ओढलं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "अंडाला रक्त पोचवणारी दोरी आत पिळली गेली आहे. या वयात असं होतं, मार लागलेला नसला तरी. शेकून, चोळून काही व्हायचं नाही. आत्ताच उघडून पीळ सोडवतो. संध्याकाळ केली असतीत, तर ते काढूनच टाकावं लागलं असतं." पीळ सुटला, काळंनिळं अंड पुन्हा लालसर झालं. पुन्हा पीळ पडू नये म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंची अंडं टाके घालून जागच्या जागी बसवली. हे ऐकून मी तिथेच भिंतीला टेकून रडले.

बाहेर आले तेव्हा टांगा नव्हता. तो माणूस पुन्हा कधी दिसला नाही. लोक योगायोग म्हणतात. म्हणोत बापडे. त्याला कुणी पाठवलं ते माझं मला ठाऊक आहे.

शरण जायचं म्हणजे हात बांधून बसायचं, असंच मला शिकवलं होतं. आता ते मी मानत नाही. जवळपास कुठल्याही मुलाचं पोट दुखलं की मी त्याला बाजूला घेऊन सरळ विचारते, "खाली दुखतंय का रे? लाजू नको, सांग." बाया तोंडाला पदर लावतात. लावू देत. माझं तोंड देवीने उघडलंय, आता ते कुणाच्या भीतीने मिटायचं नाही.