बाळंतिणीचे लाडू

रियाधच्या फ्लॅटमध्ये मी नुसत्या येरझाऱ्या घालत होते. लेकीचे दिवस भरत आलेले, आणि ती कुठे, तर स्वीडनच्या गॉटलंड बेटावर! तिथल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात डॉक्टर आहे ती. व्हिडिओ कॉलवर दाखवायची: एक चर्च, चार घरं, आमच्या कोकणातल्यासारखे दगडी गडगे आणि मेंढ्याच मेंढ्या. माणूस औषधालाही दिसायचं नाही.

बाळंतपणाला मी जाणार हे केव्हाच ठरलं होतं. अळिवाचे लाडू डब्यात, बॅग दारात. आणि नेमकी तेव्हाच नवऱ्याने नोकरी बदलली. कफील, म्हणजे आमची हमी घेणारा इथला मालक, बदलला आणि आम्हा दोघांचे इकामे, म्हणजे इथे राहण्याचे परवाने, अडकले. इकामा नसेल तर देशाबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. विचारायला गेलं की कफील म्हणे, "बुक्रा," म्हणजे उद्या. मेल्याचा उद्या काही उजाडेना! नवरा म्हणाला, "अगं, बस जरा खाली." बसते कसली? त्याच्यावरच खेकसले.

त्यातच एका सकाळी लेकीने दाखवलं, तिच्या दाराच्या मुठीला कुणीतरी पिशवी अडकवून गेलं होतं. मी ओरडलेच, "हात लावू नकोस! कोण, कुठलं, काय माहीत?" ती हसायला लागली. "आई, रिलॅक्स! शेजारच्या आजी आहेत. इथे न विचारता कुणी बेल वाजवत नाही, दाराला अडकवून जातात." पिशवीत बरणीभर सूप होतं, अजून गरम. तोंडही न दाखवणारी ही कसली माया? माझ्या जिवाला काही चैन पडेना.

नातू इकाम्याच्या आधी आला. बाळाला घरी आणल्यावर जावयाने फोन लावला. लेक गाढ झोपलेली, आणि खिडकीपाशी त्या पिशवीवाल्या आजींच्या हातात माझा नातू. "अहो, मानेखाली हात धरा!" मी मराठीतच ओरडले. त्यांना काय कळणार! पण हात आधीपासून तिथेच होता, अगदी सवयीचा. हायसं वाटायला हवं होतं ना? मला रागाने रडू फुटलं. तो हात माझा असायला हवा होता.

फोन ठेवला. नवऱ्याने लाडवांचा डबा उघडला. तुपाला वास यायला लागला होता. बाळंतिणीचे लाडू आम्ही दोघांनीच बसून खाल्ले.