काळा चिखल, लाल चिखल

आमच्या अतिथिगृहात वाटाड्या कोण होणार, हे चिखलमावशी ठरवते. जंगल तिच्या लोकांचं, त्यामुळे पाहुण्यांना आत कोणी न्यायचं यातला शेवटचा शब्दही तिचाच. साठी उलटली, पण चालायला लागली की तरण्याताठ्यांना धाप लागते. परतलेल्या प्रत्येकाचे बूट ती स्वतः धुते. कारण विचारलं तर म्हणते, "एका रानाचं बी दुसऱ्या रानात नको." दुसरं कारण मला परवा कळलं.

परवा माझी मुलगी पहिल्यांदाच एकटी पाच पाहुण्यांना घेऊन गेली. जमलं तर वाटाडी, नाहीतर आणखी वर्षभर मावशीच्या मागे. मी नोंदणीच्या टेबलाशी बसून एकच नाव तीनदा लिहिलं.

"तू जीव टांगणीला लावलास म्हणून पोर लवकर येणार आहे का?" मावशी म्हणाली.

"आत साप असतात, मावशी."

"असतात ना. त्यांनाही आया असतात."

चारला यायची मंडळी तीनलाच आली. पुढचे गृहस्थ तणतणत होते. "धनेश पक्ष्याचं घरटं बघायला इतक्या लांब आलो, आणि हिनं ओढ्यावरूनच मागे फिरवलं."

मुलगी मात्र शांतपणे बुटांच्या नाड्या सोडत होती.

मावशीनं एकेक बूट उलटा करून पाहिला. "सगळा काळा," ती म्हणाली. ओढ्याच्या अलीकडे माती काळी, पलीकडे लाल. घरट्याचं झाड पलीकडे, आणि पिल्लांच्या दिवसांत तिकडे पाऊल टाकायचं नाही. याआधी वाटाड्या होऊ पाहणाऱ्या दोघांनी "गेलोच नाही" म्हणून सांगितलं होतं, पण त्यांचे बूट लाल निघाले.

"अलीकडून दुर्बिणीनं तरी दाखवायचंस," मावशी म्हणाली.

"नर चोचीत फळ धरून घिरट्या घालत होता. आम्हाला बघून ढोलीपाशी येईचना. आत मादी आणि पिल्लं उपाशी."

"पाच मिनिटांनी काय बिघडलं असतं?" गृहस्थ म्हणाले.

"जेवायच्या वेळी तुमच्या दारात पाच अनोळखी माणसं उभी राहिली तर?" मावशीनं विचारलं.

"यांचं काही सांगू नका," त्यांची बायको म्हणाली, "हे ताट घेऊन आतल्या खोलीत जातील." गृहस्थांनाही हसू आलं.

मावशीनं बूट धुवायचा ब्रश मुलीच्या हातात दिला.

"म्हणजे पास ना?" मी विचारलं.

"पास-नापास शाळेत. उद्या सातला सहाजण आहेत, लिहून घे."

मी वही ओढली. वाटाड्याच्या रकान्यात लेकीचं नाव घातलं, एकदाच.