मामांचा हुंकारा

खुर्ची पुढे ओढायची, दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवायचे, मान जराशी कलती करायची आणि म्हणायचं, "बोला सर, मी हाय." मामांनी एवढं केलं की आमच्या कॉलेजातला ऑनलाइन तास सुरू व्हायचा.

कॉलेजच्या शिपायाला मामा म्हणतात हे तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे तीन मामा होते, पण नुसतं 'मामा' म्हटलं की हेच. पाटोद्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी. घर मेंढपाळांचं. तरुणपणी त्यांना छातीचं दुखणं लागलं, वर्षभर औषधं खाऊन ते बरे झाले, पण एका बाजूचं फुफ्फुस कामातून गेलं. मेंढरांमागं दिवसभर चालणं सुटलं, म्हणून ते आमच्याकडे शिपाई झाले. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायचे, आणि कुणी बघतंय असं वाटलं की खिशात काहीतरी शोधल्यासारखं करायचे. त्यांची छाती नाजूक आहे हे प्राचार्यांपासून माळ्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. हे आधीच सांगून ठेवतो.

त्या वर्षी साथीमुळे कॉलेज बंद झालं आणि दोन-तीन महिन्यांत फर्मान निघालं की शिक्षकांनी कॉलेजात येऊन तास मोबाइलवर घ्यायचे. मी भौतिकशास्त्र शिकवतो. प्रोजेक्टरची वायर बिघडली की मीच जोडतो, एवढ्या भांडवलावर मला ऑनलाइन शिक्षणाचा समन्वयक केलं. म्हणजे काय, तर ज्यांनी आयुष्यभर खडूशिवाय कशाला हात लावला नाही अशा प्राध्यापकांना फोनसमोर उभं करायचं. कुणी छताचा पंखा दाखवत शिकवलं, कुणी आवाज बंद ठेवून अख्खा तास घेतला. त्यांच्यावर मी चिडायचो. घरी आल्यावर बायको म्हणायची, इतकं ओरडून कुणाला काही येतं का?

सगळ्यात अवघड गेलं ते इतिहासाच्या सरांचं. हे सर म्हणजे आमच्या कॉलेजचा अभिमान. त्यांच्या तासाला कॉमर्सची मुलंही खिडकीत उभी राहायची. पुस्तकांच्या चळतीवर फोन टेकवून मी बटण दाबलं, सर बोलायला लागले, आणि तिसऱ्या मिनिटाला थांबले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी कुणाशी बोलतोय तेच कळत नाही," ते म्हणाले. "निवृत्तीला एक वर्ष राहिलंय. आत्ताच अर्ज देऊन टाकतो. असं मुकं होऊन घरी जायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं."

मामा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते. त्यांनी तांब्या ठेवला, एक खुर्ची ओढली आणि फोनच्या बरोबर मागे सरांसमोर बसले.

"सर, तुमी फोनकडं बघूच नका. माझ्याकडं बघा. बोला, मी हाय."

"अहो मामा, तुम्हाला यातलं काय कळणार?"

"न्हाई कळलं तर न्हाई कळलं. हुंकारा तर देतो."

मामांच्या घराण्यात गोष्टी सांगायची रीत होती. मेंढरं बसली की त्यांचे वडील गोष्ट सांगायला घेत. ऐकणाऱ्यानं दर वाक्याला 'हूं' म्हणायचं, हा नियम. हुंकारा थांबला की ऐकणारा झोपला असं समजून गोष्टही तिथंच थांबायची. लहानपणी घरात हुंकाऱ्याचं काम मामांकडे होतं, कारण त्यांना झोप उशिरा लागायची. हे सगळं त्यांनी मला नंतर कधीतरी सांगितलं. त्या दिवशी एवढंच झालं की सर त्यांच्याकडे बघून बोलायला लागले, मामा 'हूं' म्हणत गेले, आणि पन्नास मिनिटं कशी गेली ते मला घड्याळ पाहिल्यावर कळलं. सरांनी अर्जाचा विषय पुन्हा काढला नाही.

झालं. बातमी स्टाफरूममध्ये पोहोचली आणि जो तो मामांना मागायला लागला. माझ्या वेळापत्रकात विषय, शिक्षक, वेळ आणि मामा असे चार रकाने झाले. मामांनी अर्थशास्त्र ऐकलं, वनस्पतिशास्त्र ऐकलं, मराठी व्याकरण ऐकलं. त्यांची मतंही होती. रसायनशास्त्राच्या मॅडमविषयी म्हणाले, "मॅडम हुशार हायत, पण दम खात न्हाईत. हुंकाऱ्याला जागाच न्हाई." मी उतारावरून घरंगळणाऱ्या वस्तूचं गणित सोडवलं तेव्हा तास संपल्यावर म्हणाले, "सर, एवढं लिवलाव कशाला? आमच्या मेंढराला बी ठाऊक हाय ते." इतिहास मात्र त्यांना मनापासून भावला होता. दुसऱ्या दिवशी सर फाटकातून आत येताच मामा विचारायचे, "मंग, फुडं काय झालं?"

मग तक्रारी आल्या. तुमच्याकडं मागं कोण हूं हूं करतंय, असं दोन-तीन पालकांनी विचारलं. मी मामांना बजावलं की आवाज काढायचा नाही, नुसती मान हलवायची. ते ओशाळले. दोन दिवस खरोखरच ओठ घट्ट मिटून बसले.

तिसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला. नेकनूरकडची. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती आणि तिकडं बांधावर बसून तास ऐकायची. चित्र दिसण्याइतकी रेंज नव्हती, नुसता आवाज.

"सर, ते हूं म्हणणारे सर गेले का?" तिनं विचारलं. "त्यांचं हूं आलं की कळायचं रेंज हाय म्हणून. आता इतिहासाचे सर थांबलेत का रेंज गेली, कायच कळंना."

मी हे मामांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी गळ्यातल्या रुमालानं तोंड पुसलं. दुसऱ्या दिवसापासून हुंकारा पुन्हा सुरू झाला, आणि पहिल्यापेक्षा जरा मोठ्यानं.

इथपर्यंतचं सांगायला मला आवडतं. पुढचं मी फारसं कुणाला सांगत नाही.

दुसरी लाट आली. मामा पांढरा रुमाल नाकातोंडावरून घट्ट बांधून यायचे आणि खिडकीशी खुर्ची घ्यायचे. डॉक्टरांनी त्यांना तसं बजावलं होतं. त्या सुमाराला वारं फार सुटायचं आणि तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याचा घोंघाट यायचा, म्हणून खिडक्या मी बंद करायला लागलो. परीक्षा तोंडावर होती. इतिहासाच्या सरांचा शेवटचा भाग राहिला होता: म्हातारा बादशहा, त्याचे मुलगे, गादीसाठीची भांडणं. त्या दिवशी सरांचा घसा बसला होता. काही नाही, वाऱ्यानं झालंय, म्हणाले. दोनदा सुरुवात करून थांबले. मामांचं तोंड झाकलेलं होतं, नुसते डोळे दिसत होते. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय, असं सर माझ्याकडे बघून म्हणाले. मला पुढचा तास लावायचा होता. मी मामांना रुमाल काढायला सांगितलं.

त्यांनी तो काढला, चार घड्या घालून मांडीवर ठेवला आणि तळहात गुडघ्यांवर ठेवले. सर फार सुंदर बोलले. मुलानं बापाला कैदेत टाकलं इथवर आले आणि वेळ संपली.

चार दिवसांनी सरांना ताप आला, त्यांचं थोडक्यात निभावलं. मामांना बीडला न्यावं लागलं. वाडीत त्या आठवड्यात एक लग्न होतं, तिथूनच आलं असणार, असं सगळे म्हणत होते. असेलही. हे दुखणं कुणाकडून कुणाकडे गेलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. रुमाल कुणी काढायला लावला, ते मात्र मला सांगता येतं.

दवाखान्यात मी त्यांना फोन केला. त्यांच्या मुलीनं तो त्यांच्या कानाला लावला. मला माफी मागायची होती, शब्द जुळवून ठेवले होते. पण आधी त्यांचाच आवाज आला, तुटक, मध्ये बराच वेळ घेत.

"सर... त्या म्हाताऱ्या बादशाचं... फुडं काय झालं?"

मी सायन्सचा माणूस. फोन चालूच ठेवून धावत जाऊन कॉलेजच्या ग्रंथालयातून पुस्तक आणलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागलो. सुरुवातीला प्रत्येक वाक्याला 'हूं' येत होतं. मग दोन-तीन वाक्यांनी यायला लागलं. मग आलं नाही. मी आणखी एक पान वाचलं. रेंज गेली असेल असं म्हणून फोन ठेवला. माफीचं राहून गेलं. दोन दिवसांनी मामा गेले, आणि त्यांना शेवटचं बघायलाही आम्हाला जाता आलं नाही.

त्यानंतर इतिहासाच्या सरांनी एकही तास घेतला नाही. उरलेली रजा टाकली आणि निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना बोलायचा आग्रह झाला. ते उठले, पहिल्या रांगेवरून नजर फिरवली, हात जोडले आणि खाली बसले. रुमालाच्या त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं आजपर्यंत बोललेलो नाही.

कॉलेज पुन्हा सुरू झालं. नेकनूरची ती मुलगी एक दिवस स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली आणि 'हूं म्हणणारे सर' कोणता विषय शिकवतात, असं विचारायला लागली. ते शिपाई होते, असं मी तिला सांगितलं. ते वारले हेही सांगितलं. तिला पहिली गोष्ट पटेना. दुसरी ऐकल्यावर ती आल्या पावली परत गेली.

जुनी रेकॉर्डिंग्ज अजून कॉलेजच्या संग्रहात आहेत. परीक्षेच्या आधी मुलं ती ऐकतात. प्रत्येकाच्या सुरुवातीचा फालतू भाग मी त्या वेळी कापून टाकायचो, पण त्या शेवटच्या तासाचा राहिला. नंतरच्या धांदलीत कुणाला सुचलं नाही. कापायला दोन मिनिटं लागतील. दरवर्षी मी ते उघडतो आणि तसंच ठेवून देतो.

त्यात आधी खिडकी लावल्याचा आवाज येतो. सरांचं खाकरणं येतं. मग माझा आवाज, घाईतला: "मामा, तो रुमाल काढा जरा. सरांना तोंड दिसत नाही."

आणि लगेच, जरासुद्धा वेळ न घेता, "हूं."