एक सूर खाली

रोह्यात असा एक माणूस दाखवा ज्यानं आमच्या मामेसासऱ्यांना ऐकलेलं नाही, आणि असा एक दाखवा ज्याला आपण त्यांना ऐकलं हे ठाऊक आहे. दोन्ही सापडायचे नाहीत. कारण आमचे मामेसासरे, म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. हे वाद्य कानाला फारसं कळत नाही, पोटाला कळतं. गणपतीत, पूजेला, हळदीला मामा उभे राहायचे ते मागच्या रांगेत, स्पीकरच्या खोक्याला टेकून, लग्नात नवऱ्या मुलीचा बाप उभा राहतो तसे. लोक गाणारीला नावाजायचे, ढोलकीवाल्याला बक्षीस द्यायचे, मामांना चहाही शेवटी मिळायचा. एकदा नागोठण्याला कार्यक्रम संपल्यावर एका म्हाताऱ्यानं त्यांना विचारलं, "तुमी ती मोठी गिटार नुसती धरूनच उभे व्हतात काय?" मामा शांतपणे म्हणाले, "व्हय. पडू नये म्हणून." हा किस्सा ते स्वतःच सांगायचे आणि सांगून झाल्यावर इतके हसायचे की मामींना आतून पाणी घेऊन यावं लागायचं.

दिवसा ते धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते आणि शिफ्ट सांभाळून कला करायचे. गिटार त्यांनी विकत घेतलेली नव्हती. त्यांच्या शेजारी एक बेने इस्राएल कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या राहत होतं. त्यातला मामांचा दोस्त घरदार विकून इस्राएलला निघाला, तेव्हा ही गिटार मामांच्या ओटीवर ठेवून म्हणाला, "वाजवलीस तर तुझी, नाय वाजवलीस तर खुंटीची." मामांनी ते वाक्य दत्तासारखं पुजलं. खुंटी म्हणून त्यांनी घरात ठेवलीच नाही. शर्टसुद्धा दाराच्या कडीला अडकवायचे.

मामांचं दुसरं वेड म्हणजे ताण. जगात जे जे म्हणून दोन टोकांना बांधलेलं आहे ते छेडून बघितल्याशिवाय त्यांच्याच्यानं पुढे जाववत नसे. बाजेची नवार, छत्रीची काडी, विहिरीचा दोर, एस.टी.तली घंटेची दोरी. कंडक्टरनं यावरून त्यांना एकदा वडखळला उतरवलं होतं. आमचं लग्न झाल्यावर ते पहिल्यांदा पेणला आमच्या बिऱ्हाडी आले, तेव्हा चपला काढायच्या आधी त्यांनी अंगणातली कपड्यांची दोरी टणकन वाजवली. मान हलवली. म्हणाले, "जावईबापू, उतरलीय. थांबा, काळी चारला आणतो." पेटीवाले लोक पट्ट्यांवरून सूर ओळखतात, काळी चार म्हणजे त्यातला बायकांच्या गळ्याचा सूर, एवढं मला तेव्हा कळलं. मामांनी पाय भिंतीला लावून दोरी ओढली, गाठ मारली, पुन्हा छेडली आणि समाधानानं पोहे खायला बसले. त्यांचे पोहे संपायच्या आत खिळा गिलाव्यासकट निघाला आणि बायकोनं नुकतं धुतलेलं सगळं धुणं मातीत गेलं. बायको कपाळावर हात मारून उभी. मामा बाहेर आले, पसारा बघितला आणि म्हणाले, "सुटला, पण सुटेपर्यंत सुरात होता." आता या माणसावर रागवायचं तरी कसं, सांगा!

असा माणूस स्वतःच्या तारा कशा लावील? तर बाजारात मिळेल तितक्या जाड. पातळ तारा लावणाऱ्यांविषयी त्यांचं मत वाईट होतं. "बेसची तार कशी पायजे? सोडली की मंडपाचा खांब थरथरला पायजे," असं ते म्हणायचे. जाड तार सुरात आणायची तर ती ओढून धरावी लागते, आणि ओढलेली तार दाबायची तर बोटांत रेड्याचं बळ लागतं. मामांकडे ते होतं. दिवसा कंपनीत व्हॉल्व्ह फिरवायचे आणि संध्याकाळी तारा दाबायच्या, सगळा मारा त्याच मनगटावर. व्हायचं तेच झालं. पन्नाशीच्या आसपास डावा हात कुरकुरायला लागला. आधी करंगळी, मग मनगट, मग थेट कोपरापर्यंत कळ. रोह्याच्या डॉक्टरांनी हात दाबून बघितला आणि वाजवणं काही महिने बंद करायला सांगितलं. मामांनी त्यांचं औषध घेतलं आणि सल्ला तिथंच ठेवून आले. घरी कुणाला काही बोलले नाहीत. भाकरी मात्र एका हातानं मोडायला लागले. मामींनी विचारलं तर म्हणाले, "एका हाताने खाल्लं की अन्न अंगी लागतं, शास्त्र हाय."

लपवायला कारण होतं. ऑर्केस्ट्राचे मालक हे वयानं मामांहून बरेच लहान आणि स्वतः कीबोर्ड वाजवणारे. त्यांनी त्या वर्षी नवा कीबोर्ड आणला होता. नव्वद सालानंतर जिकडेतिकडे अशी यंत्रं आली, बटण दाबलं की ढोलक, बटण दाबलं की बासरी. आणि त्यात बेससुद्धा होता. मालक डाव्या हाताच्या दोन बोटांनी मामांचं सगळं काम करून दाखवायचे आणि पोरं टाळ्या वाजवायची. मामाही वाजवायचे बिचारे, उजव्या हातानं मांडीवर. अशात माझ्या मेव्हणीचं लग्न ठरलं. माझी सासुरवाडी जित्याची, हळद तिथल्याच दारातल्या मंडपात, आणि ऑर्केस्ट्रा अर्थातच मामांचा. मालक घरी येऊन फार गोड बोलले. "मामा, तुम्ही मुलीचे मामा. हळदीत मिरवा, पाव्हणे बघा. बेस मी डाव्या हातानं सांभाळतो." मामा हसून म्हणाले, "नाय हो, मी वाजवीन." पण त्यांचा चेहरा पार उतरला होता. एकदा का त्यांच्यावाचून कार्यक्रम झाला, की मग तो नेहमीच त्यांच्यावाचून होणार, हे त्यांनाही कळत होतं नि आम्हालाही.

दुसऱ्याच रविवारी मामा पॅसेंजरनं पेणला हजर. उद्या मी ऑफिसच्या कामाला मुंबईला जाणार हे त्यांनी बायकोकडून काढून घेतलं होतं. पिशवीतून जुन्या तारेचं वेटोळं काढलं आणि माझ्या हातात कोंबलं. "हिच्यापेक्षा नरम आणा. मामीला बोलू नका, मालकाला तर नायच नाय." मी वाद्यांच्या दुकानात गेलो. तिथल्या पारशी म्हाताऱ्यानं ते वेटोळं बघितलं आणि विचारलं, "यानं हत्ती बांधता काय?" मग त्यानं समजावलं, की सूर तोच ठेवून तार बारीक घेतली तर ती कमी ओढावी लागते. आवाज थोडा पातळ होतो, हाताला मात्र सुख मिळतं. त्याच्याकडे चाळीस नंबरपासून सुरू होणारा सेट होता, मामांचा पन्नासचा. मी चाळीसचा आणला आणि रोह्याला नेऊन दिला. मामांनी पुडी उघडली, एक तार उन्हात धरली आणि अत्यंत दुःखी चेहऱ्यानं म्हणाले, "जावई, ही तार हाय का शेवया?"

पण लावल्या. मामी बाजारात गेल्या होत्या तेवढ्यात लावल्या. छेडून बघितलं, दाबून बघितलं. मग हळूच म्हणाले, "करंगळी टेकते हो." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं, म्हणून मी उठून नळ बंद आहे का ते बघायला गेलो. कळ अर्धी कमी झाली होती. उरलेल्या अर्धीवर त्यांनी स्वतःच तोड काढली. घरी सराव करताना चारी तारा एक सूर उतरवायच्या, म्हणजे आणखी ढिल्या, आणखी मऊ. आणि कार्यक्रमाला निघण्याआधी पुन्हा चढवायच्या. हे महिनाभर चाललं. हात बरा होऊ लागला.

हळदीच्या दिवशी दुपारीच मामा-मामी जित्याला पोचले. मामी ऑर्केस्ट्रातल्या मुख्य गायिका, हे सांगायचं राहिलंच. हळदीची गाणी गावी तर त्यांनी. काळी चारमध्ये सुरू करायच्या नि वर चढत जायच्या. अलीकडे सर्वांत वरची ओळ आली की त्या माईकपासून दोन पावलं मागे सरायच्या आणि कोरसच्या मुलींना हात करायच्या. आम्हाला वाटायचं, नवी स्टाइल आहे. तर मामी आत बायकांत गेल्या आणि मामांना मंडप दिसला. चारी बाजूंनी दोरच दोर! मग काय विचारता? हा छेड, तो छेड, मंडपवाल्याला बोलाव, "ही गाठ सोड रे, ही बेसूर हाय." मंडपवाला रडकुंडीला आला. सासूबाई म्हणाल्या, "अरे, तुझी भाची हळदीला बसतेय, दोऱ्या काय वाजवतोस मेल्या!" संध्याकाळ झाली, मुलगी पाटावर बसली, मालकांनी हाक मारली आणि मामा तसेच धावत जाऊन गिटार गळ्यात अडकवून उभे राहिले. जगाच्या दोऱ्या तपासणारा हा माणूस स्वतःच्या चार तारा चढवायला साफ विसरला होता.

त्या ऑर्केस्ट्राची एक जुनी रीत होती. पहिला सूर मामांनी द्यायचा. पूर्वीचा कीबोर्ड असा होता की लाइट कमी-जास्त झाली की सुरात डुलायचा, म्हणून सगळे मामांकडून सूर घ्यायचे. रीत तशीच राहिलेली. मामांनी तार सोडली. नेहमीच्या जागी बोट, नेहमीसारखा लांब सूर, पण एक सूर खाली. मामींनी डोळे मिटून तोच धरला आणि गायला लागल्या. दोन ओळींनंतर मालकांचा नवा कीबोर्ड काळी चारमध्ये आत शिरला, आणि देवाशपथ सांगतो, मंडपातलं कुत्रं उठून बाहेर गेलं.

मामांना कळलं होतं. मी त्यांच्याकडेच बघत होतो. चेहरा पांढरा फटक. बोटं गिटारीवर दोन घरं, म्हणजे एक सूर, पुढे सरकवली असती की सगळं जागच्या जागी आलं असतं, आणि तीन-चार मिनिटांत कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं. बोटं पुढे निघालीही. मग मामांनी मामींकडे बघितलं आणि बोटं परत होती तिथं आणली. मालकांनी मान वळवून डोळे वटारले. मामा मख्ख. खालचाच सूर, धीम्या लयीत, एकामागून एक. इतकी वर्षं याच माणसाकडून सूर घ्यायची सवय; ढोलकीवाला मामांकडे बघतोय, कोरसच्या मुली मामांकडे बघताहेत आणि सगळे मिळून कीबोर्डकडे असे बघताहेत, की नवीन आणलंस आणि हे काय आणलंस! शेवटी मालकच घामाघूम झाले. त्यांनी कसलं तरी बटण दोनदा दाबलं आणि त्यांचं यंत्र मुकाट मामांच्या सुरात उतरून आलं. वरची ओळ आली. मामी मागे सरल्या नाहीत. माईकजवळ उभ्या राहून त्यांनी ती पुरी म्हटली, गेल्या वर्षभरात म्हटली नव्हती तशी. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मालक कार्यक्रमानंतर मामांना एवढंच म्हणाले, "नवीन मशीन आहे, मामा. थोडं सेटिंग राहिलं होतं." डाव्या हातानं बेस सांभाळायची भाषा त्यांनी पुन्हा काढली नाही.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्यावर मी मामांना बाजूला घेतलं. म्हटलं, "मामा, बोटं पुढे का नाही नेलीत? हाकलले गेला असतात की!" मामा मंडपाच्या दोराला बोट लावत म्हणाले, "नेणार होतो. पण हिच्या गळ्याकडे नजर गेली. वर्षभर बघतोय, गाताना शीर उभी राहते, तारेसारखी. काल नव्हती हो. मग कशाला ताणायची?"

हे मला पोटात ठेवता येईना. पुढे रोह्याला गेलो तेव्हा मामा शिफ्टला गेलेले बघून मामींना विचारलं, "त्या दिवशी सूर खाली होता, तुम्हाला कळलं नव्हतं?" मामी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "एवढी वर्सं गाते, मला नाय कळनार? पहिल्याच सुराला कळलं. म्हटलं, यांचा हात दुखतोय, म्हनून उतरवल्यात तारा. हे भाकरी एका हातानं मोडतात ते काय मला दिसत नाय? मीच त्यांच्याबरोबर खाली ऱ्हायले. हात सांभाळला पायजे ना त्यांचा." मग तव्याकडे बघत म्हणाल्या, "त्यांना बोलू नका हां, जावई. उगाच मनाला लागंल."

मी बोललो नाही. दोघांनाही नाही. तारा त्यानंतर कधी चढल्या नाहीत. ऑर्केस्ट्रा आणखी काही वर्षं काळी तीनमध्ये चालला आणि मग डीजे आले तेव्हा इतरांबरोबर तोही थांबला. मालक आता मंडप डेकोरेशनच्या धंद्यात आहेत.

परवा रोह्याला गेलो होतो. मामा ओटीवर गिटार घेऊन बसले होते. स्पीकर केव्हाच विकला गेलाय, आणि बेस गिटार स्पीकरविना वाजवली तर हातभर अंतरावरसुद्धा ऐकू येत नाही. आत मामी भाकरी थापता थापता ते हळदीचं गाणं गुणगुणत होत्या. मी दाराच्या मधोमध उभा होतो, मला गिटार ऐकू येत नव्हती. मामांची बोटं तेवढी दिसत होती, हलकेच टेकणारी. वरच्या ओळीपाशी मामा अंमळ थांबले. आत मामीही थांबल्या. मग दोघांनी मिळून ती ओळ घेतली.