साळूबाईंच्या पांढऱ्या कुरडया

नगरला आमच्या गल्लीच्या टोकाला गनीभाईंची भट्टी होती. मोडीतलं पितळ, शिसं तिथं वितळवायचे. वारा फिरला की धूर सरळ आमच्या घरात. पोरं खोकायची, आणि तुळशीची पानं देवाला वाहायच्या आधी मी दोनदा धुवायची.

एकाहत्तर साली शेजारच्या साळूबाईंच्या चांगुणाचं लग्न ठरलं. गल्लीत कुणाच्याही रुखवताच्या कुरडया घालायला पहिलं बोलावणं साळूबाईंनाच. आता लेकीच्या रुखवतासाठी घातल्या, तर संध्याकाळी सगळ्यांवर काजळी. जामखेडच्या विहीणबाई तर नावं ठेवण्यात पटाईत. साळूबाईंनी काळ्या कुरडया गाईला घातल्या आणि मला घेऊन भट्टीवर निघाल्या.

त्यांचं मागणं एवढंच होतं, की कुरडया वाळेपर्यंत दोन दिवस भट्टी बंद ठेवा. गनीभाई माणूस गोड. खाटेवर बसवलं, चहा पाजला. पण धूर सरळ वर जातो, तुमच्याच चुलीची काजळी असेल, म्हणाले. आम्ही उठलो.

अंगणात त्यांची बायको बिस्मिल्ला पांढरेशुभ्र सदरे वाळत घालत होती. साळूबाईंनी सहज विचारलं, एवढे पांढरे राहतात कसे? ती म्हणाली, जुम्म्याच्या नमाजाचे कपडे आहेत, म्हणून गुरुवारी भट्टी पेटवूच देत नाही मी.

साळूबाई तिथूनच मागं वळल्या. "गनीभाऊ, तुमच्या सदऱ्याला धूर लागतो, अन् माज्या कुरडईला न्हाई व्हय?"

बिस्मिल्ला पदरात तोंड लपवून हसत सुटली. गनीभाई दाढी खाजवत बसले. मग म्हणाले, "सोमवारी गहू भिजत घाला, बहेन. गुरुवारी चीक शिजवा. शुक्रवारी बी भट्टी बंद."

त्या गुरुवारी पहाटे चीक शिजवला आणि उन्हं वर यायच्या आत सोऱ्यानं खाटा भरून टाकल्या. दुसऱ्या दिवशीचंही ऊन मिळालं. तेव्हापासून अख्खी गल्ली सोमवारीच गहू भिजवायला लागली. गनीभाईंनी पुढं धुराडं चांगलं उंच करून घेतलं. खोकला गेला असं नाही म्हणणार, पण उतरला खरा. तुळस मात्र मी अजून धुऊनच वाहते.

चांगुणाच्या लग्नात रुखवतातली एक कुरडई विहीणबाईंनी उचलून उजेडात धरली, उलटसुलट पाहिली. एवढ्या पांढऱ्या कशा, म्हणाल्या.

"गनीभाऊंच्या सदऱ्यासंगं वाळल्यात," साळूबाई म्हणाल्या.

विहीणबाईंना काही कळलं नाही. मांडवाच्या दारात उभे असलेले गनीभाई मात्र सदऱ्याची बाही झटकत हसले.