कानबाईच्या पानावरची शंका

नव्वदच्या दशकात लिंबायतच्या आमच्या मंडळात एक जाड वही होती. खानदेशातून सुरतेत नवीन आलेल्यांसाठी रेशनकार्ड कुठं मिळतं, सणवार कसे करायचे, हे ज्याला ठाऊक त्यानं तिच्यात लिहायचं. शिस्त मात्र कडक. दुसऱ्याचं खोडायचं नाही. शंका असली तर समासात पेन्सिलीनं लिहायची, आणि ज्यानं काढली त्यानंच ती पुसायची.

त्या वर्षी सासूचे गुडघे धरले, श्रावणात गावी जाणं होईना. कानबाई, आमची खानदेशची श्रावणातली देवी, बसायची गावच्या घरी, मोठ्या दिरांकडे. सासू डोळ्याला पदर लावून बसायची. मला बघवेना. मी वहीत ठोकून लिहिलं : कानबाई सुरतेत भाड्याच्या खोलीतही बसवता येते.

आठ दिवसांत शाळेतल्या गुरुजींची पेन्सिल : "आधार काय? कानबाई मूळ घरीच बसते."

सासू म्हणाली, "गुरुजी म्हणतात तर राहू दे, माय." माझं डोकंच फिरलं! मीही पेन्सिल उचलली आणि खाली लिहिलं : "गुरुजींना चुलीपुढचं काय कळतं?"

मंडळाच्या चिटणीसांनी रबर पुढं केलं. "वहिनी, माणसावर लिहायचं नाही, मजकुरावर लिहायचं. इथं स्वतः कानबाई बसवणाऱ्या, तीन वेगळ्या गावच्या तिघींच्या सह्या आणा."

कान तापले, पण पुसलं. मग काय, पदर खोचला! पहिली सही आमच्याच गल्लीत मिळाली. दुसरी बमरोलीत, मिलच्या चाळीत. तिसरीसाठी चलथाणला साखर कारखान्यापर्यंत गेले. तिथली म्हातारी सही करता करता हसली, "अगं, देवी काय घरमालकाला विचारून येते?"

सह्यांच्या तिन्ही चिठ्ठ्या पानाला चिकटवल्या. गुरुजींनी चष्मा सारखा करून त्या दोनदा वाचल्या, आणि स्वतःच्या हातानं शंका पुसली. "चुकलो बाई," म्हणाले. भला माणूस! मी मनातल्या मनात फुगडी घातली.

त्या श्रावणात आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत कानबाई बसली. गुरुजी जोडीनं दर्शनाला आले. दुसऱ्या दिवशी तापीवर विसर्जन झालं, आणि तिसऱ्या दिवशी सासू लंगडत लंगडत माझ्याआधी मंडळात हजर!

"मना बी आंगठा ले," चिटणीसांना म्हणाली. "आते मी बी बसाडी."

मी चौथ्या गावाचं, आमच्या गावाचं, नाव लिहिलं. शेजारी तिनं निळा अंगठा असा दाबला, की मागच्या पानावरही उमटला.